‘मी तिथे कामाला होते’ याचा कागद

मागच्या अंकात आमच्या कामगार मदत केंद्राविषयी लिहिलं होतं. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात ठेक्यावर, रोजंदारीवर आणि घरकामाला जाणाऱ्यांच्या बुडालेल्या पगाराच्या, पीएफच्या, अचानक बंद केलेल्या कामाच्या तक्रारी आम्ही घेतो. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. कुणाचंही नाव दिलेलं नाही, कारण लिहिणाऱ्या काहीजणी अजून त्याच गेटमधून कामावर जातात.

प्रश्न : ताई, मी एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या) शेवटच्या वर्षाला आहे, मूळची लातूर जिल्ह्यातली. मला अशा केंद्रात काम करायचं आहे. घरचे म्हणतात, वकिली केली असतीस तर गोष्ट वेगळी, नुसतं लोकांचं ऐकायला कोण पगार देणार? तुमच्याकडे दिवसभर नेमकं काय चालतं?

उत्तर : वकिलीची पदवी लागत नाही. ऐकून घेण्याची ताकद लागते, सरळ मराठीत अर्ज लिहिता यावा लागतो आणि हिशोब यावा लागतो. हिशोबाची भीती वाटत असेल तर ती आधी घालव.

आमच्याकडे गर्दी होते ती संध्याकाळी साडेसहानंतर आणि रविवारी सकाळी. भर दुपारी कुणी आलं तर त्याचं काम नुकतंच सुटलंय, असं बहुतेक वेळा निघतं. बाई येते तेव्हा हातात एक प्लास्टिकची पिशवी असते. मुदत संपलेला गेटपास, ईएसआयच्या (कामगार राज्य विमा योजनेच्या) दवाखान्याचा केसपेपर, बँकेचं पासबुक, कुणीतरी दिलेलं वकिलाचं कार्ड, सगळं त्यात एकत्र. ती पैशांवर लगेच येत नाही. सुपरवायझर सगळ्यांसमोर काय बोलला, तिथून ती सुरू करते. नवे कार्यकर्ते नेमकं तिथेच तिला थांबवतात आणि फॉर्म पुढे सरकवतात. तसं करू नकोस. तो अपमान बोलून झाल्याशिवाय तिला तारखा आठवत नाहीत.

मग तारखा. ‘कामाला कधी लागलात?’ असं विचारलं की ‘गणपतीत’, ‘पोरीची बारावी होती तेव्हा’, ‘सासरे गेले त्याच्या आदल्या महिन्यात’ अशी उत्तरं येतात. ती सगळी खरी असतात. पोरीची गुणपत्रिका, मृत्यूचा दाखला आणि पासबुकात जमा झालेला पहिला पगार शेजारी शेजारी ठेवला की महिना सापडतो. पासबुक तर ओळ न् ओळ वाचायला शीक. पगार जमा झाला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, दर महिन्याला, मोठी रक्कम एटीएममधून काढलेली दिसली तर विचार, कार्ड कुणाकडे असतं? कित्येकदा ते सुपरवायझरच्या खिशात असतं. खात्यावर पूर्ण किमान वेतन जमा दाखवायचं आणि त्यातले काही हजार रोख परत घ्यायचे, हा प्रकार आमच्या पट्ट्यात सर्रास चालतो. ते सांगायला बायका घाबरतात, पण पासबुक ते सांगून टाकतं.

एका बाईंनी कालनिर्णयची पानं आणली होती. तारखेच्या चौकोनात दुधाचा हिशोब, आणि त्याच चौकोनाच्या कोपऱ्यात पेन्सिलीची एक बारीक उभी रेघ. रेघ म्हणजे कामावर गेले. तिला छेदून आडवी रेघ असेल तर डबल ड्युटी. रविवारच्या लाल आकड्यांवरही रेघा होत्या. ठेकेदाराचं म्हणणं होतं की या बाई महिन्यातून दहा-बारा दिवसच यायच्या. कामगार अधिकाऱ्यांनी ती पानं एकेक करून पाहिली. रेघा कुठे फिक्या आहेत, कुठे गडद, हेही पाहिलं. एका बसणीत मारलेल्या रेघा अशा दिसत नाहीत. मग त्यांनी ठेकेदाराकडे हजेरीपत्रक मागितलं, आणि ते त्याच्याकडे नव्हतंच.

कायदा इथे कामगाराच्या बाजूने आहे. पगाराविषयीचा केंद्रीय कायदा म्हणजे वेतन संहिता. तिच्या कलम ५९ प्रमाणे, पगार थकल्याचा दावा झाला की तो दिला हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. पण मी तिथे कामाला होते, हे आधी बाईलाच दाखवावं लागतं. आमचं बहुतेक काम या एका गोष्टीचे पुरावे जमवण्याचं आहे. कमी पगाराच्या माणसाला फसवणं सोपं जातं ते त्याच्या कामाचा कुठे कागद नसतो म्हणून, अशी माझी पक्की खात्री झाली आहे.

माझी आई सोलापुरात विड्या वळायची. पानं-तंबाखू घरी आणायची, वळलेल्या विड्या कारखान्यात द्यायच्या, छाट म्हणून बाजूला काढलेल्यांचे पैसे नाहीत. पण तिच्याकडे कार्ड होतं आणि त्यात नोंद व्हायची. पत्र्याच्या पेटीत, लग्नाच्या शालूखाली ती ते ठेवायची. पुढे पीएफ मिळाला तो त्या कार्डावर. हमालांचंही तसंच. पाठीवर पोतं घेणाऱ्याला ठरलेला एक मालक नसतो, मग त्याची नोंद कोण ठेवणार? पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र आणलं, आणि १९६९ चा माथाडी कायदा आला. या कायद्याने मालकाने हमालीची रक्कम आणि वरची लेव्ही, म्हणजे त्या रकमेवरचा ठरलेला जादा भाग, माथाडी मंडळाकडे भरायची आणि मंडळाने नोंदीत कामगाराला पगार द्यायचा, अशी रीत घातली. पीएफ, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार त्या लेव्हीतून. ज्याचं नाव कुठल्याच वहीत नव्हतं त्याचं नाव वहीत आलं. हा कायदा नीट वाच. मला तो महाराष्ट्राच्या सगळ्या कामगार कायद्यांत मोठा वाटतो.

आता घरच्यांचा प्रश्न. केंद्रातला पगार कमी असतो, हे खरं आहे. पण नियुक्तीपत्र मागून घे, पगार किती आणि कोणत्या तारखेला ते त्यात लिहून घे. कामगारांच्या हक्कांवर बोलणाऱ्या संस्थाही कार्यकर्त्यांना ‘मानधन’ म्हणून किमान वेतनापेक्षा कमी देतात, हे मी पाहिलं आहे. ते मला अजिबात मान्य नाही. तू ते मुकाट्याने घेतलंस तर दुसऱ्या बाईला ‘मागा’ असं कोणत्या तोंडाने सांगशील?

प्रश्न : मी हिंजवडीच्या एका आयटी कंपनीत हाऊसकीपिंगला आहे. जागा तीच, मजला तोच, पण ठेकेदार बदलला. जुन्याने शेवटच्या दोन महिन्यांचा पगार दिला नाही. जाताना सगळ्यांच्या कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या. पीएफ पगारातून कापत होते, पण पासबुकात सहा महिने काहीच भरलेलं दिसत नाही. नवा ठेकेदार म्हणतो, माझा काय संबंध. तक्रार केली तर हे कामही जाईल का?

उत्तर : तुमची भीती खोटी नाही. तक्रार केली म्हणून दुसऱ्या इमारतीत पाठवलेल्या, मग घरी बसवलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. म्हणून एकटीने काही करू नका. त्या मजल्यावर जितक्याजणींचे पैसे अडकलेत तितक्याजणी एकदा कामाच्या जागेबाहेर बसा, कुणाच्याही घरी बसा.

सगळ्यात आधी कोऱ्या कागदाचं पत्र करा. अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, आमच्याकडून कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या, आम्ही राजीनामा दिलेला नाही आणि हिशोब मिळाल्याची पावतीही दिलेली नाही, एवढंच लिहा. एक प्रत जुन्या ठेकेदाराला, एक कंपनीच्या एचआरला, एक कामगार उपायुक्त कार्यालयाला. स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावत्या जपा. हे याच आठवड्यात करा. त्या कागदावर पुढे राजीनामा छापून आणला, तर तुमचं पत्र त्याच्या आधीच्या तारखेचं असलं पाहिजे.

पगाराचं बघा. ठेकेदाराने बुडवला तर ज्या कंपनीसाठी काम केलं तिने तो द्यायचा आणि ठेकेदाराच्या बिलातून वळता करून घ्यायचा, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आलेलं आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांमध्येही ही जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे त्या कंपनीवर ठेवली आहे. मात्र संहितेतला हा भाग जिथे पन्नास किंवा त्याहून जास्त कंत्राटी कामगार आहेत तिथेच लागू होतं, १९७० च्या मूळ कायद्यात ही अट वीसची होती. हा बदल मला कामगारांच्या विरोधातला वाटतो. तुमच्या कंपनीत सिक्युरिटी, कँटीन, बगीचा, हाऊसकीपिंग मिळून आकडा पन्नासच्या वर सहज जाईल, तो मोजून ठेवा. एचआरला तोंडी विचारू नका. ‘दोन महिन्यांचा पगार मिळालेला नाही, मूळ मालक म्हणून तो आपण द्यावा’ असं लेखी द्या आणि पोच घ्या. पोच दिली नाही तर तेच पत्र पोस्टाने. मोठ्या कंपन्या ठेकेदाराचं शेवटचं बिल बहुतेक वेळा लगेच देऊन टाकत नाहीत. ते बिल निघायच्या आधी तुमचं पत्र तिथे पोचलं तर पैसे निघण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

काम सुटलं की दोन कामाच्या दिवसांत सगळा पगार द्यायचा, असं वेतन संहितेत आहे. दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, पण तीन वर्षं आहेत म्हणून थांबू नका, ठेकेदाराची फर्म तोवर बंद झालेली असते. दाव्याचा अर्ज कामगार स्वतः करू शकतो, तो ज्या नोंदणीकृत युनियनचा सभासद आहे ती युनियन करू शकते, किंवा निरीक्षक करू शकतो. आमच्यासारखं केंद्र अर्ज लिहायला मदत करेल, पण सही तुमचीच लागेल. युनियनच्या सहीने गेला तर एकेकीला सही करून पुढे यावं लागत नाही, म्हणून तुमच्या परिस्थितीत मी तोच मार्ग सुचवेन.

आणि पीएफ. पगारातून कापून न भरणं हा गुन्हा आहे. कापल्याचं दाखवणारी पगारपावती आणि पासबुकाची छापील प्रत जोडून पीएफ कार्यालयात वेगळी तक्रार करा, पगाराच्या तक्रारीत ती मिसळू नका. पावत्या दिल्याच नसतील तर सुपरवायझरने व्हॉट्सॲपवर पाठवलेले पगाराचे मेसेज शोधा. ड्युटी लावल्याचे मेसेजही पुसू नका, त्यात तुमचं नाव आणि तारीख आहे.

प्रश्न : आमच्याकडे चौदा वर्षं घरकाम करणाऱ्या बाई आता गुडघ्यांमुळे काम सोडत आहेत. महिना ४,५०० रुपये पगार होता. त्यांना निरोपाचं म्हणून किती द्यावं? साडी आणि पाच हजार असं मनात आहे.

उत्तर : विचारलंत याचं मला खरोखर बरं वाटलं. साडी जरूर द्या, पण रक्कम हिशोबाने काढा.

कंपनीतल्या कामगाराला ग्रॅच्युइटी मिळते ती अशी: शेवटचा पगार गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. तुमच्या बाईंची ती ३६,३४६ रुपये होते. घरमालकाला हा कायदा बांधत नाही. पण चौदा वर्षं रोज सकाळी कुणी तुमच्या घरी येत होतं, तर मोजमाप हेच धरावं असं माझं म्हणणं आहे. एकदम जमत नसेल तर दोन-तीन हप्त्यांत द्या, खात्यावर द्या. भागाकारात २६ येतात ते महिन्यातल्या चार सुट्ट्या वगळून. बाईंना त्या चार सुट्ट्या चौदा वर्षांत मिळाल्या का, याचाही विचार करा.

आणखी एक, याला पैसे लागत नाहीत. तुमच्या सहीचा एक दाखला द्या, की या बाई अमुक वर्षापासून अमुक वर्षापर्यंत आमच्याकडे घरकाम करत होत्या. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. मंडळाकडे वयाच्या साठीपर्यंत नोंदणी होते आणि तिथे असा दाखला कामाला येतो. पुण्यात मोलकरणींनी १९८० साली संप केला, त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. तेव्हापासून इतकी वर्षं झाली, तरी दाखला द्यायला सुशिक्षित घरंही कचरतात. सही केली तर काहीतरी अंगावर येईल, असं त्यांना वाटतं. काही येत नाही.

प्रश्न : भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे, नऊ कामगार. तुमच्यासारख्या केंद्रांमुळे कामगार बिघडतात. मोठ्या कंपन्या आमची बिलं तीन-तीन महिने अडवतात, मग पगार वीस तारखेला होतो. कामगारांनी समजून घेऊ नये का?

उत्तर : तुमची अडचण मला दिसते आणि ती खरी आहे. पण १८८४ साली नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या मागण्या मांडल्या, त्यावर हजारो कामगारांच्या सह्या होत्या. रविवारची सुट्टी ही मागणी सगळ्यांना माहीत आहे. त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती, की पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. आज कायद्याने ती तारीख सात आहे. तुमचा कामगार वीस तारखेची वाट बघतो, म्हणजे त्याला १८८४ ची मागणीही अजून मिळालेली नाही. त्याच्या घरभाड्याची तारीख मात्र पाच असते.

तुमची बिलं अडवणाऱ्यांविरुद्ध तुमच्याकडेही कायदा आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर चक्रवाढ व्याज लागतं. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) केली नसेल तर करा आणि थकलेल्या बिलांचे वाद ऐकणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे अर्ज करा. पुढची ऑर्डर जाईल म्हणून तुम्ही तो करत नसाल, तर तुमच्या कामगाराला तोंड उघडताना नेमकी कसली भीती वाटते, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

हजेरीवही आणि पगारपावती मात्र तुम्ही आजपासून ठेवा. उद्या एखादा दावा झालाच, तर पगार दिला हे तुम्हालाच दाखवायचं आहे.

प्रश्न : मी कोल्हापूर भागात अशाच एका केंद्रात काम करतो. एका हॉटेल कामगाराचे हिशोबाने ६४,००० रुपये निघत होते. मालकाने ३५,००० लगेच देतो म्हटलं आणि कामगाराने ते घेतले. आम्ही महिनाभर खपलो होतो. त्याला थांबवायला हवं होतं का?

उत्तर : नाही. पैसे त्याचे, घरही त्याचं. दावा दाखल करायचा, तारखा पडायच्या, निकाल लागला तरी मालकाने न भरल्यास वसुलीसाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रकरण जायचं, तलाठ्यापर्यंत उतरायचं. जूनमध्ये पोरांच्या शाळेचे पैसे भरायचे असलेल्या माणसाने हे सगळं आपल्या तत्त्वासाठी सोसावं, असं मागण्याचा तुम्हाला-मला अधिकार नाही. मी हे कळवळून सांगते, कारण चांगले कार्यकर्ते इथेच कडवट होतात आणि पुढच्या कामगाराशी तुसडेपणाने बोलायला लागतात.

आपलं काम त्याच्या आधी होतं. पूर्ण हिशोब त्याला कागदावर दाखवला का? किमान वेतनातला फरक किती, ओव्हरटाइम किती, सुट्ट्यांचे किती, हे त्याला स्वतःला सांगता येत होतं का? ते असेल तर त्याने ३५,००० समजून-उमजून घेतले. तडजोडीच्या कागदावर तीन गोष्टींवर मात्र अडून बसायचं. त्यात नोकरीची सुरुवातीची आणि शेवटची तारीख यायला हवी. सही पैसे खात्यावर आल्यावरच. आणि पीएफ-ईएसआयचा उल्लेख ‘मिळाले’ असा कुठेही नको, कारण त्यात तडजोड होतच नाही, कायद्याने भरायची ती रक्कम भरायचीच असते. तुमच्या कामगाराची पीएफची तक्रार अजूनही करता येईल. त्याला फोन करून विचारा, करायची आहे का.

प्रश्न : मला लिहिता-वाचता येत नाही, हे पत्र मुलाने लिहिलं आहे. मी रोज नाक्यावर उभी राहते, दर दिवशी मालक वेगळा. मी नोंद कशी ठेवू?

उत्तर : मावशी, तुमच्याकडे साधा स्मार्टफोन असेल तर रोज संध्याकाळी मुलाला व्हॉट्सॲपवर बोलून पाठवा. आज कुठे गेले, कुणी नेलं, रोज किती ठरला, हातात किती आले. एवढी चार वाक्यं. तारीख आणि वेळ फोन आपोआप लावतो. ज्या टेम्पोत बसवतात त्याच्या नंबरप्लेटचा फोटो काढा, आणि साइटवर पोचल्यावर बाहेर बिल्डरचा बोर्ड असेल तर त्याचा. मुकादमाचा नंबर त्याच्या तोंडावर मागून घ्या आणि तिथेच मिस्ड कॉल देऊन बघा, चुकीचा नंबर देतात.

बांधकामावर वर्षात नव्वद दिवस भरले असतील तर बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी होते. नव्वद दिवसांचा दाखला ठेकेदार देत नसेल तर महापालिकेकडून किंवा गावात ग्रामसेवकाकडून मिळू शकतो, आणि तेव्हा हेच मेसेज ऐकवता येतील. दाखल्यासाठी आणि नोंदणीसाठी हजारो रुपये मागणारे एजंट नाक्यावरच फिरतात, त्यांना एक रुपयाही देऊ नका. मुलाला सांगा, मेसेज जपून ठेव आणि महिन्यातून एकदा दुसऱ्या फोनवरही पाठव, फोन हरवला तर सगळं जाईल.